ऑगस्टिनच्या मरणसोहळ्याचा सराव

१९ मार्च, संत जोसेफचा सण

किलियन मास्तराला जंगलातल्या बंदूकवाल्या पोरांनी सोडलं. स्कोलास्टिकाच्या केळीत आडवा पडलेला सापडला. तिने त्याला हातगाडीवर घातलं, वर कोबीचे गड्डे रचले आणि सरळ माझ्या मागच्या दारी आणून उतरवलं.

"माझ्याकडेच का?" मी विचारलं.

"तुझं घर गावात शेवटचं. शिवाय तुझ्या तोंडाला भिऊन कुणी इकडे फिरकत नाही, एमे."

कॉन्व्हेंटच्या वसतिगृहापासून या बाईला सांभाळतेय मी.

त्याच्या तळव्यांवर मारलंय, कोयत्याच्या चपट्या बाजूने. पाय भोपळ्यासारखे झालेत. गुन्हा काय, तर सरकारी शाळा जळल्यावर याने सहावीची मुलं आंब्याखाली बसवून अपूर्णांक शिकवले. देश स्वतंत्र होईपर्यंत शाळा नाही, असा पोरांचा हुकूम आहे. पुन्हा शिकवताना दिसलास तर हात तोडू, असं बजावून सोडलंय.

"आणि स्वतंत्र देशात हिशोब कोण करणार? शेळ्या?" मी म्हटलं.

"मॅडम, हळू," किलियन उशीत तोंड खुपसून म्हणाला.

हळू कशाला? याऊंदेच्या सरकारचे सैनिक येतात ते घरं जाळतात, पोरं येतात ती शाळा जाळतात. एका काडेपेटीवाल्याचं तेवढं बरं चाललंय.

माझ्या रागाचं खरं कारण निराळं आहे. मेच्या अखेरीस शहरात कॉन्व्हेंटमध्ये प्राथमिकची शेवटची परीक्षा आहे. आमची नऊ मुलं तिच्यासाठी दोन वर्षं खोळंबली आहेत. यंदाही बसली नाहीत तर वय उलटेल. मग मुलगे जंगलात बंदूक धरायला जातील आणि मुली कुणाच्या तरी तिसऱ्या बायका होतील. मी किंबांगच्या शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी आणि धर्मशिक्षण शिकवलं ते यासाठी नाही.

२५ मार्च

आज चर्चमध्ये प्रवचनाआधी फादरांनी पोरांचा नवा हुकूम वाचून दाखवला. बिचाऱ्यांचा आवाज कापत होता. शाळा बंद, सभा बंद, सोमवारी बाजारही बंद. परवानगी फक्त दफनाला आणि मरणसोहळ्याला. जिवंतांशी वाटेल तसं वागतात, पण मेलेल्यांशी वाकडं घ्यायची छाती अजून त्यांच्यात नाही.

तेवढ्यात मला हसू फुटलं. प्रवचन चालू, आणि मी रुमाल तोंडात कोंबून हसतेय. आज मरियेकडे देवदूत आला तो दिवस. मला वाटतं परत जाताना तो जरा माझ्याकडेही डोकावला.

माझा ऑगस्टिन जाऊन सहा वर्षं झाली. मिस्सा झाली, पुरणं झालं, रडणं झालं, पण सोहळा मी होऊ दिला नाही. नाच, बंदुकीचे बार, मुखवटे, आठवडाभर ताडी! सिस्टर कोलंबांनी आम्हाला शिकवलं होतं की मुखवटे म्हणजे सैतानाची सख्खी भावंडं. त्यावरून दीर माझ्याशी धड बोलत नाहीत. ते घराण्याचे फाय, म्हणजे कर्ते. भावाचा सोहळा होत नाही म्हणून पूर्वज रोज रात्री त्यांना जाब विचारतात म्हणे.

तर आता सोहळा होईल. आणि सोहळ्याला सराव लागतो. मुलांचा. रोज. माझ्या अंगणात.

स्कोलास्टिकाला सांगितलं तर ती पुढ्यातल्या पिठात बसायचीच राहिली होती. हसून हसून आम्हा दोघींना उचकी लागली.

२७ मार्च

फायकडे गेले. रीतीप्रमाणे वाकले, ओंजळीने टाळी वाजवली. गुडघे कुरकुरले, पण गरज माझी होती.

"वहिनी, आज सूर्य कुठून उगवला?"

"फाय, माझे डोळे उघडले. तुमच्या भावाचा सोहळा करू या."

त्यांनी तपकीर ओढली. "करू की. पाऊस नीट लागला की करू. तयारी दोन आठवड्यांची."

"दोन महिन्यांची. मुलांना नाच येत नाही."

"कुठली मुलं?"

"सहावी... साधारण सहावीच्या वयाची."

"माझ्या भावाला नाच मुळीच आवडायचा नाही."

"म्हणूनच चांगला बसला पाहिजे."

फाय शिंकले. दोनदा. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. भावाच्या आठवणीने आलं असावं. म्हातारा माणूस, लगेच हेलावतो. मला जरा वाईटही वाटलं, किती सहज फसले म्हणून.

३ एप्रिल

आज पोरांच्या म्होरक्याच्या, जनरल गांधीलमाशीच्या तळावर गेले. जुन्या कॉफी सोसायटीच्या गोदामात बसतो तो. गांधीलमाशी कसली, लुकोंगांचा गॉडलव्ह! पाचवीत माझ्या वर्गात होता. भागाकार शेवटपर्यंत आला नाही, आणि बायबलचे धडे पाठ न करता खिडकीतून सरडे मोजायचा. जेवल्यावर ताट घासून पालथं घालायचा, तेवढंच काय ते मी त्याला शिकवू शकले. आता गळ्यात ताईत इतके, की मान वळवायची तर अख्खं अंग वळवावं लागतं.

मला बघून उठला.

"बसा, मॅडम."

"कशावर? खुर्ची एकच आहे."

खुर्ची मला दिली आणि स्वतः कॉफीच्या पोत्यावर बसला. दारातला पहारेकरी तोंड फिरवून खांदे हलवत होता.

"गॉडलव्ह, मला नवऱ्याचा मरणसोहळा करायचाय."

"पा ऑगस्टिनचा? देव माणूस. आम्हाला तुमचे पेरू चोरू द्यायचे."

"चोरू द्यायचे?"

"शिडी ते धरायचे, मॅडम."

इतक्या वर्षांनी हे कळतंय मला! आणि मी वटवाघळांना शाप देत होते.

"सराव किती दिवस?" त्याने विचारलं.

"मे संपेपर्यंत. रविवार सोडून रोज."

"आठ ते एक?"

"हो. आठ ते एक."

"मधे सुट्टी असेल."

"नाचून मुलं दमतात," मी ठणकावून सांगितलं.

"दमतातच." तो एका ताईताची गाठ सोडवत बसला. मग म्हणाला, "माझ्या बहिणीची मुलगी आहे, ब्रिजिटा. तिलाही नाचायचंय."

उघड आहे. हेर! पण नाही कसं म्हणणार?

"पाठव. नाक शेंबडं नको."

निघताना मागून म्हणाला, "मॅडम, पावलांच्या खुणा करायच्या तर राखेत करा. राख पायाने पुसता येते."

नाचातलं याला काय कळतं देव जाणे. पण सूचना वाईट नव्हती. त्याला कशाचाही संशय आला नाही. माणूस जनरल झाला म्हणून डोक्यात भर पडतेच असं नाही.

११ एप्रिल

सराव सुरू! नऊ मुलं अधिक हेर. सगळ्यांना सोहळ्याचं एकाच छापाचं कापड शिवलंय, निळं, त्यावर पिवळी मक्याची कणसं. गणवेशच की! मला कडेकडेने शिट्टी मारत चालावंसं वाटलं. मारलीही थोडी.

इंग्रजीचं व्याकरण शोकगीताच्या चालीवर बसवलंय. स्कोलास्टिका ढोल धरते. "काल मी गेलो, आज मी जातो, उद्या मी जाईन" हे तिन्ही काळ मुलं इतकं टाहो फोडून म्हणतात, की वाटेवरून जाणारी माणसं टोपी काढून उभी राहतात. एक बाई तर आत येऊन माझ्या गळ्यात पडून रडली. तिचा नवराही जायचाच आहे अजून, पण तिला राहवलं नाही.

१४ एप्रिल

गणित. माझी दांडी गणितात उडते. आज अपूर्णांकांचा गुणाकार काढला आणि उत्तर आलं ते घरी कुणाला दाखवू नये असं. हेरच हळूच म्हणाली, "मॅडम, वरचा वरच्याशी."

"मला माहीत आहे. तुझी परीक्षा घेत होते."

किलियन मागच्या खोलीतून भिंतीवर टकटक करतो. चूक झाली की एकदा. आज भिंतीचा गिलावा पडला.

त्याला पुढे आणायलाच हवं. पण अंगणाला कुंपण आहे ते एरंडाचं, आणि रस्त्यावरून दिवसातून चार वेळा पोरांच्या मोटरसायकली जातात. तो दिसला तर त्याचा हात गेला.

आणि मग मला दुसऱ्यांदा देवदूत भेटला. या वेळी मोरीत, भांडी घासताना. मुखवटा! मुखवट्याच्या आत कोण, हे विचारायचं नसतं. त्याला हात लावायचा नसतो. बाईने तर आत माणूस आहे हेसुद्धा माहीत करून घ्यायचं नसतं. सिस्टर कोलंबा, क्षमा करा.

१५ एप्रिल

"सरावाला मुखवटा लागेल, फाय."

"नाचरा का रागीट?"

"नाचरा. रागीट मी आहेच."

फायनी तपकिरीची डबी मिटली. "मुखवटा म्हणजे खेळ नव्हे, वहिनी. माझ्या आजोबांच्या आजोबांनी तो अंगावर घेतलाय."

मी खाली बघितलं. खरंच लाज वाटली मला थोडी.

"आणि तो आपल्या मुलांसाठीच बाहेर पडतो," ते पुढे म्हणाले. "उद्या पहाटे माझ्या घरातून निघेल. बियांचे खुळखुळे पायांत बांधत नाही या खेपेला. हातात बांधू."

"का बरं?"

"काहींचे तळवे नाजूक असतात."

वयामुळे काहीबाही बोलतात हल्ली. मी ओंजळीने टाळी वाजवून उठले.

१८ एप्रिल

मी बाई. आत कोण आहे, मला माहीत नाही. एवढंच लिहिते, की मुखवट्याला गणित उत्तम येतं.

मुखवटा बोलत नाही, माणसासारखं बोलायचं नसतंच त्याने. गवताचा झगा, पिसांची कॉलर, वर म्हशीच्या शिंगांचं लाकडी डोकं. काठीने राखेत गणित मांडतो. उत्तर बरोबर आलं की खुळखुळे वाजवतो, चुकलं की पाठ फिरवतो. त्याने पाठ फिरवू नये म्हणून मुलं जीव तोडतात. चौतीस वर्षं छडी वापरली मी! नुसती पाठ फिरवून भागलं असतं?

आज एक मोटरसायकल थांबली. बंदूक खांद्याला लावलेला एक दांडगा आत आला. "काय चाललंय?" म्हणाला. राखेत तीन छेद चार लिहिलेलं. मुखवटा सावकाश वळला आणि खुळखुळा एकदा, अगदी एकदाच वाजवला. दांडग्याने चपला काढल्या, उकिडवा बसला, डोकं खाली. मुखवट्याने काठीने त्याच्या खांद्याला स्पर्श केला. तो मागे मागे सरकत फाटकाबाहेर गेला आणि जाताना खिशातला कोलाचा दाणा मान म्हणून ठेवून गेला.

त्या दाण्याच्या पाकळ्या सोडवून मुखवट्याने पुढचा अर्धा तास अपूर्णांक शिकवले. मग मुलांनी अपूर्णांक खाऊन टाकले.

२ मे

हे हाताबाहेर चाललंय आणि मला फार मजा येतेय. सोहळ्याची कीर्ती डोंगरापलीकडे गेली. ऑगस्टिनची चुलत आत्या आली, मला वाटलं ही कधीच वारली. शेळ्या आल्या. लाकडं आली. कोणीतरी दारू उडवायची जुनी बंदूक आणून दिली, ती मी भूगोलाच्या तासाला नकाशा दाखवायला वापरते. ऑगस्टिन जिवंतपणी इतका लोकप्रिय असता तर मी त्याला इतकं बोलले नसते.

आत्याबाई सरावाला बसल्या. मुलं नद्यांची नावं रडून म्हणत होती. आत्याबाईंनी डोळे पुसले. "इतके नातेवाईक होते त्याचे?" म्हणाल्या.

जनरलकडूनही बोकड आला. सोबत निरोप, "पा ऑगस्टिनसाठी." हेर मात्र भलतीच हुशार निघाली. दशांश चिन्ह तिच्याइतकं जागच्या जागी कुणी ठेवत नाही. मामाला ती काय सांगते कुणास ठाऊक. विचारलं तर म्हणाली, "मामा रोज विचारतो, आज पाठ फिरवली का म्हणून."

१५ मे

आज हसू आलं नाही. नदीपलीकडच्या टोळीने तिथल्या एका मास्तराला बाजारात आणलं. त्याच्या बायकोसमोर. तो वाचला, पण आता त्याला कपड्याची बटणं दुसऱ्याकडून लावून घ्यावी लागतील. हे लिहायला मला हात तरी आहे.

ती टोळी आता आमच्या बाजूला येणार असं स्कोलास्टिका म्हणाली. किंबांगमध्ये एक मास्तर लपलाय, हे त्यांच्या कानावर गेलंय.

किलियनला सांगितलं. म्हणाला, "मॅडम, मी आजच जातो. मुलांचं नाव यायला नको."

"आणि टक्केवारी कोण शिकवणार? मी? गप्प बस आणि सूप पी."

पण तो रात्रभर खोलीत फिरत होता. त्याचं पाऊल अजून नीट पडत नाही. एक घासत येतं.

२१ मे

ठरलं. परीक्षा गुरुवारी. शहराचा रस्ता पुलावरून जातो, पुलावर नाका. सोहळ्याआधी मुखवट्याने आजोळच्या घरी जाऊन नाचायचं असतं, आणि ऑगस्टिनचं आजोळ, देवाची कृपा, कॉन्व्हेंटच्या मागच्याच गल्लीत आहे. मुखवटा पुढे, मुलं मागे, ढोल, गाणी. मुलं परीक्षेला बसतील. आणि आत जो कोण आहे, ज्याच्याबद्दल मला माहीत नाही, तो तिथून बसने दुआलाला जाईल, जिथे शाळा चालतात आणि मास्तर रस्त्यावर हात हलवत फिरतात.

फायना सांगितलं, आजोळी जायचंय. "जाऊ," म्हणाले. "पेन्सिली ढोलात ठेवा. वाजत नाहीत." मी म्हटलं, "कसल्या पेन्सिली?" तर त्यांना खोकला आला.

२४ मे

अजून कान वाजताहेत. क्रमाने लिहिते.

पहाटे किलियनच्या खोलीत गेले तर खाट रिकामी. चादर घडी घातलेली. म्हणजे फायकडे जाऊन झगा चढवत असणार, मी म्हटलं. तेवढ्यात मुखवटा अंगणात आला, आणि काय आला! उड्या मारत! काल ज्याला ओटा उतरवत नव्हता तो आज हातभर उंच उडतोय. मी संत ज्यूडला मेणबत्ती बोलले होते, अशक्य गोष्टींचा संत तो. एका मेणबत्तीचा हा परिणाम, तर दोन बोलले असते तर आमचा देशसुद्धा मार्गी लागला असता.

निघालो. वाटेत मुलांची उजळणी घ्यावी म्हणून मी मुखवट्यापुढे राखेची पिशवी सोडली आणि म्हटलं, "एक टक्केवारीचं होऊन जाऊ दे." मुखवट्याने काठी मागे घेतली. दुसऱ्यांदा म्हटलं तर चक्क दोन पावलं बाजूला सरकला. घाबरलाय बिचारा, मी समजून घेतलं.

ब्रिजिटाने मात्र कहर केला. सगळ्या वाटेत तिने मुखवट्याच्या झग्याचं गवत मुठीत धरलं होतं. हात लावायचा नसतो! मी दोनदा दटावलं. फाय म्हणाले, "असू द्या, वहिनी." असू द्या? मग आपल्याकडे नियम राहिले कशाला?

पुलावर आमच्या गावची पोरं नव्हतीच, म्हणजे होती, पण बाजूला उभी. नाका नदीपलीकडच्यांनी घेतला होता. त्यांचा म्होरक्या काळ्या चष्म्याचा, चष्म्याची एक काच गायब. त्यामुळे अर्धा माणूस भीतिदायक आणि अर्धा नुसता झोप न झालेला.

आमच्या पहारेकऱ्याला मी हळूच विचारलं, "जनरल कुठाय?"

"पोट बिघडलंय त्यांचं," तो आकाशाकडे बघत म्हणाला.

ऐन वेळी पोट! माझा विद्यार्थी!

"थांबा," चष्मेवाला म्हणाला. "या गावात एक मास्तर आहे. ऐकलंय तो लाकडाचं डोकं घालून फिरतो. काढा ते."

ढोल थांबला. आत किलियन. डोकं उचललं की संपलं.

फाय काठी टेकून पुढे आले. "काढ की. मी अडवत नाही. पण स्वतःच्या हाताने काढ, दुसऱ्याला सांगू नकोस. आणि काढायच्या आधी आईचं आणि आजीचं नाव मोठ्याने सांग, म्हणजे आमच्या पूर्वजांना घर शोधायला त्रास नको."

चष्मेवाल्याने आपल्या माणसाला खूण केली. तो हलला नाही. दुसऱ्याला केली. त्याने बुटाची नाडी बांधायला घेतली, आणि पायात त्याच्या रबरी चपला होत्या.

मग मला काय झालं ठाऊक नाही. "लाज वाटत नाही?" मी ओरडले. "माझा नवरा सहा वर्षं आजोळच्या वाटेकडे डोळे लावून बसलाय! तुझ्या आईला नाही का सोहळा लागणार? तुझा कोण करेल, ही बंदूक? नाक पूस आधी!"

त्याने खरंच नाक पुसलं. मग चिडला आणि बंदूक सरळ मुखवट्यावर रोखली.

आणि मुखवटा पुढे गेला. पळाला नाही, थांबला नाही, नाचत पुढे गेला. खुळखुळे घोट्यांत बांधलेले, हे मी तेव्हा पाहिलं, पाय असे आपटत होता की पुलाच्या फळ्या उडत होत्या. बंदुकीची नळी त्याच्या छातीच्या पिसांत शिरेपर्यंत गेला. तिथे थांबून त्याच जागी नाचला. ब्रिजिटाने डोळे मिटले आणि सातचा पाढा म्हणायला सुरुवात केली, मोठ्याने, शोकगीताच्या चालीवर. मग सगळ्यांनी. स्कोलास्टिकाने ढोल उचलला. सात सक्कं बेचाळीसला चष्मेवाल्याने आकाशात एक बार काढला. सात साते एकोणपन्नासला त्याची माणसं चपला काढून उकिडवी बसली. सत्तरला पोचेपर्यंत तोही बसला, एक गुडघा टेकून, जणू काही बुटाचंच बघतोय.

आम्ही पुलावरून गेलो. वळण ओलांडल्यावर मी आणि स्कोलास्टिका खड्ड्यात बसून हसलो की रडलो ते मला सांगता येणार नाही. मुलं म्हणाली, "मॅडम, उशीर होतोय."

कॉन्व्हेंटच्या फाटकापाशी मुखवटा आणि फाय कुंपणामागे गेले. काही वेळाने फाय एकटेच गवताचं गाठोडं घेऊन आले. मी स्वयंपाकघराकडे निघाले, म्हटलं पोराला बसमध्ये बसवावं. तर स्वयंपाकघराच्या पायरीवर किलियन बसलेला! पाव खात! पाय पुढे पसरलेले, ते पट्ट्यांत गुंडाळलेले, आणि केसांत कोबीची पानं.

"तू! तू पुलावर..."

"मी कुठला पुलावर, मॅडम? पहाटेच स्कोलास्टिका मामीच्या भाच्याने गाडीवर घालून आणलं. कोबीखाली. पुलावरच्या पहारेकऱ्याने एक गड्डासुद्धा उचलून बघितला नाही."

मी स्कोलास्टिकाकडे वळले. "मग आत कोण होतं?"

"एमे," ती ढोलातून पेन्सिली काढत म्हणाली, "बाईने विचारायचं नसतं."

मला न सांगता योजना बदलायची म्हणजे उद्धटपणाचा कळस! पुतण्यांपैकी एखाद्याला घातलं असणार फायनी. आणि फाय तर भोळे, त्यांना हे सुचलंच कसं? स्कोलास्टिकाचंच डोकं.

२६ मे

किलियनचा दुआलाहून फोन. पोचला. गल्लीत पहिल्याच दिवशी शेजारच्या मुलाचा गृहपाठ करून दिला म्हणे. मी रागावले, गृहपाठ करून द्यायचा नसतो, करून घ्यायचा असतो. "हो, मॅडम," म्हणाला.

२ जून

गॉडलव्ह पळाला. परीक्षेच्या दिवसापासून तळावर परतलाच नाही. नदीपलीकडच्यांनी कॉफीचं गोदाम जाळलं. झुडपं, विहिरी, सगळीकडे त्याला शोधताहेत. त्यांच्यात काहीतरी बिनसलं असणार. दरोडेखोरांचं असंच असतं. आमच्या पोरांना वाऱ्यावर सोडून पोटाचं निमित्त करून गेला! ब्रिजिटापाशी हे बोलले तर ती माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली, की मी तिला फळा पुसायला सांगितलं. फळा नाहीच आहे. ती गेली आणि राख सारवून आली.

२९ जून

दहाच्या दहा पास! दहाच्या दहा! ब्रिजिटा केंद्रात पहिली! स्कोलास्टिकाने शहरातून बातमी आणली तेव्हा मी परसात होते. मी मक्यात नाचले. सिस्टर कोलंबांनी वरून पाहिलं असेल तर पाहू देत, त्यांनीच कधी दहाच्या दहा पास करून दाखवले नाहीत.

७ जुलै

आज ऑगस्टिनचा खरा सोहळा झाला. इतका सराव झाल्यावर न करून भागणार होतं का? अख्खा डोंगर लोटला. बार उडाले. मी नकाशाची बंदूकसुद्धा उडवू दिली. निळ्या कापडातली मुलं नाचली, आणि हे मान्य करायलाच हवं, त्यांना नाच मुळीच येत नाही. फाय माझ्या शेजारी बसून डोळे पुसत होते. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की दीड महिना माझ्या अंगणात शाळा भरत होती. मी सांगणारही नाही. म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये.

दुपारी मुखवटा आला. पुतण्यांपैकीच कोणीतरी. उंच उड्या, घोट्यांत खुळखुळे. पण झगा सैल दिसत होता, आतला माणूस वाळलेला असावा. रीतीप्रमाणे तो विधवेपुढे थांबला. विधवेने ताडी शिंपडायची, बोलायचं नसतं. मी ताडी शिंपडली. तो जाईना. तिथेच उभा, खुळखुळे अगदी गप्प. गवताच्या आडून श्वास ऐकू येत होता, पळून आलेल्या माणसासारखा.

मी वाकले आणि हळूच म्हटलं, "मागच्या ओट्यावर ताट झाकून ठेवते. जेवून जा."

फाय जोरात शिंकले. मुखवटा वळला आणि गर्दीत गेला.

८ जुलै

काल फुफू, म्हणजे मक्याच्या पिठाचा गोळा, आणि हिरवी भाजी ठेवली होती, बोकडाचं मटण वरून. आज सकाळी पाहिलं, ताट रिकामं. नुसतं रिकामं नाही, घासून, धुऊन, ओट्यावर पालथं घातलेलं.

फायच्या पुतण्यांपैकी एकानेही जन्मात कधी ताट धुतलेलं मी पाहिलेलं नाही.